बागेत या, सावली मात्र घरून आणा

उन्हाळ्यात महाबळेश्वरला जाणाऱ्यांना सल्ले द्यायला हजार जण तयार असतात. पुण्यातच राहून एप्रिल-मे काढणाऱ्यांना मात्र वाऱ्यावर सोडलेलं असतं, आणि तो वाराही गरम. म्हणून शहरातल्या सार्वजनिक बागांचा उन्हाळ्यात पुरेपूर आनंद कसा घ्यावा, याच्या या काही सूचना. काटेकोर पाळल्यात तर बाग तुम्हाला मानवेल. न मानवली तर दोष तुमच्या प्रकृतीचा.

सुरुवात वेळेपासून. बाग साधारण सकाळी सहाला उघडते, दहा-अकराला बंद होते. दुपारी चार-साडेचारला पुन्हा उघडते आणि आठच्या सुमाराला शिट्टी वाजते. प्रत्येक बागेची वेळ वेगळी असते, तेव्हा फलक वाचून जा. फलकावरची वेळ आणि वॉचमनकाकांची वेळ यांत पंधरा-वीस मिनिटांचा फरक असतो. तो फरक कधीही तुमच्या बाजूचा नसतो. दुपारच्या त्या मधल्या पाच-सहा तासांबद्दल पुढे बोलू. आत्ता बोललो तर बाकीच्या सूचना राहून जातील.

आत शिरलात की बाकाची निवड. बाक तीन जातींचे असतात: काळ्या ग्रॅनाइटचा, लोखंडी पट्ट्यांचा आणि सिमेंटचा. तिन्हींच्या पाठीवर ते कोणाच्या प्रयत्नांतून आणि कोणाच्या निधीतून आले ते लिहिलेलं असतं, त्यामुळे चटका बसल्यावर नाव शोधायला लांब जावं लागत नाही. काळा ग्रॅनाइट दिवसभर ऊन पितो आणि अंधार पडेपर्यंत ते परत करत राहतो. लोखंड लवकर तापतं आणि लवकर निवतंही, म्हणून संध्याकाळी सहानंतर लोखंडी बाक त्यातल्या त्यात बरा. बसण्याआधी तळहाताची मागची बाजू बाकाला पाच सेकंद लावा. लावता आली तर बसा. नाही तर उभं राहणं हाही व्यायामच आहे. बाक झाडाखाली का नाहीत, असं मात्र विचारू नका. ते ट्रॅकच्या कडेने सारख्या अंतरावर बसवायचे असतात. झाड बघून बाक ठेवला तर नकाशातली ओळ वाकडी होते. नकाशा वातानुकूलित खोलीत काढलेला असतो, तिथे झाड म्हणजे एक हिरवा गोल.

लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना पूर्ण लांबीची पँट आणि बूट-मोजे घाला. हो, मे महिन्यात. भर उन्हातली स्टीलची घसरगुंडी ६० अंशांच्या पुढे सहज जाते आणि एवढ्या तापलेल्या धातूला मुलांची कातडी काही सेकंदांतच पोळते. ‘आमची फायबरची आहे’ म्हणून निर्धास्त होऊ नका, गडद रंगाचं फायबरही तसंच भाजतं. घसरगुंडीच्या पायथ्याशी पूर्वी वाळू असायची. आता तिथे रबराच्या फरशा आल्या आहेत. दिसायला छान, पडलं तर लागत नाही, फक्त उन्हात त्या वाळूपेक्षा जास्त तापतात आणि मुलं घसरगुंडीवर जाताना चपला काढून ठेवतात. घसरगुंडीचं तोंड उत्तरेला करणं, ती झाडाच्या पूर्वेला बसवणं म्हणजे दुपारनंतर झाडाची सावली तिच्यावर येईल, किंवा चार खांबांवर ७५ टक्क्यांची शेडनेट ताणणं, हे उपाय रोपवाटिका चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतात. रोपांना चटका बसू नये म्हणून ते करावे लागतात. मुलांचं तसं नसतं, मुलं दर वर्षी नवी येतात.

झोपाळ्याची साखळी धरायला रुमाल न्या.

ओपन जिमबद्दल: ज्या यंत्राचं बेअरिंग शाबूत आहे, त्यावर आधीच दोन आजी गप्पा मारत बसलेल्या असतात. तो त्यांचा हक्क समजा.

आता हिरवळ. हिरवळीकडे बघायचं असतं. ती चालण्यासाठी, बसण्यासाठी, लोळण्यासाठी किंवा मुलाला रांगायला सोडण्यासाठी नसते. तसा फलक असतो, आणि फलक वाचता येत नसेल तर शिट्टी ऐकू येते. या हिरवळीची किंमत समजून घ्या म्हणजे आदर वाटेल. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात लॉनला दर चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर पाणी लागतं. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे रोज वीस ते चोवीस हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर, आणि हे पाणी नेमकं मुळाशी गेलं तर. सकाळी साडेदहाला तुषार सिंचन लावलं की त्यातलं बरंचसं हवेतच जातं. सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग जपानातल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून घेतली आहे. कोराकुएनची हिरवळ जगप्रसिद्ध, पण जपानात उन्हाळा सुरू होतानाच महिनाभर पाऊस असतो, आणि आपल्याकडे उन्हाळा म्हणजे फेब्रुवारी ते मे आभाळाकडे बघत बसणं. एखाद-दुसऱ्या बागेत ही हौस शोभते. गल्लीतल्या अर्ध्या एकराच्या बागेलाही तोच गालिचा हवा असतो, याचं कौतुक करा. त्यातही सारसबागेत कधी गेलात तर मनाशी एवढं आठवा की जिथे आज हिरवळ आहे तिथे पेशवाईत तळं होतं आणि तळ्यातल्या गणपतीला होडीतून जात. पूर्वी पाणी आधी आणि बाग नंतर होती.

पाणी कमी प्या. कारण काय ते बायकांना विचारा. स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे आहे, हे शोधायला लागणारा वेळही घाम काढतो.

तरीही तहान लागलीच तर पिण्याच्या पाण्याची सोय आहे. म्हणजे ओटा आहे, टाइल्स आहेत, तीन नळांच्या जागा आहेत. पहिल्या जागी पितळी नळ होता, तो गेला. दुसऱ्या जागी दाबायचा नळ आहे. त्याची स्प्रिंग क्षारांनी धरली की तो एक तर दाबला जात नाही किंवा दाबला की वर येत नाही, मग वैतागून कोणीतरी वरचा व्हॉल्व्ह बंद करतं. तिसऱ्या जागी लाकडाची खुंटी ठोकलेली असते. कूलर असल्यास त्याची वायर कापलेली किंवा गुंडाळून वर ठेवलेली असते. आणि या सगळ्यांतून पाणी आलंच तर ते स्लॅबवरच्या काळ्या टाकीतून, तापल्या स्लॅबवरून उघड्या आलेल्या पाइपातून येतं, त्यामुळे पहिले दोन-तीन लिटर प्यायच्या लायकीचे नसतात. टाकीवर पत्र्याचं छप्पर आणि पाइपावर गोणपाट, एवढ्यात हे भागतं. तुम्ही मात्र माणशी एक लिटर पाणी घरून न्या. बाटली आत नेता येते का, हे फाटकावर विचारून घ्या.

कारंजं चालू असण्याची अपेक्षा ठेवू नका, पण त्याच्या हौदापासून दूर बसा. उन्हाच्या गरमीत डासाच्या अंड्याचा पूर्ण डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा हौद कोरडा केला तर ही साखळी तुटते. हौद कोरडा करण्याऐवजी हौदाशेजारी डेंग्यूबद्दल जनजागृतीचा फलक लावलेला असतो, तो वाचत बसा. संध्याकाळी डास कमी चावतात असं नाही, फक्त डेंग्यूचे डास दिवसा चावतात आणि संध्याकाळी त्यांची पाळी बदलते.

सकाळी लवकर जात असाल तर खोल श्वास घेऊ नका. माळीकाकांनी कोपऱ्यात पालापाचोळा पेटवलेला असेल. उघड्यावर कचरा जाळल्यास पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड, हा राष्ट्रीय हरित लवादाचा २०१६चा आदेश आहे, पण आदेशाला धूर लागत नाही. हाच पाला झाडाच्या आळ्यात तीन-चार इंच जाड पसरला, खोडापासून वीतभर मोकळी जागा सोडली, तर जमीन गार राहते आणि पाणी निम्म्या फेऱ्यांत भागतं. पण मग बाग ‘अस्वच्छ’ दिसते. पाहणीला येणाऱ्यांना गुळगुळीत तापलेली माती आवडते, खराट्याच्या रेघा असलेली.

आता मुख्य विषय, सावली. बागेत सावली देणाऱ्या वस्तू दोन: झाडं आणि पर्गोला. पर्गोला म्हणजे चार खांबांवर आडव्या पट्ट्या, पट्ट्यांमध्ये फूट-दीड फुटाची फट. यावर वेल चढवायचा असतो. मधुमालती, लसण्यावेल, गारवेल, काहीही. पण वेलाला आळं लागतं, आणि खांबाच्या बुडाशी तर पेव्हर ब्लॉक बसवून झालेले असतात. मग पट्ट्यांच्या सावलीत बसा, अंगावर एक पट्टा ऊन, एक पट्टा सावली. १३-१४ मेच्या सुमाराला पुण्यात शून्य सावली दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीला सावलीच पडत नाही. काही बागांमध्ये रांगेने लावलेल्या बॉटल पाम आणि रॉयल पामखाली हा सोहळा वर्षभर अनुभवता येतो. पामला पाणी लागतं, माळी लागतो, वाळलेलं पान डोक्यात पडू नये म्हणून जपावं लागतं. सावली तेवढी मिळत नाही.

खरी झाडं ओळखायला शिका. वर्षावृक्ष, करंज, कडुनिंब, वड, बकुळ दिसली की तिकडे वळा. बहावा आणि ताम्हण आत्ता फुलले असतील, बघायला जरूर जा. ताम्हण आपल्या राज्याचं फूल आहे, पण सावलीसाठी करंजच गाठा. करंजाला चैत्रात नवी पालवी येते आणि भर वैशाखात त्याखाली गारवा असतो. दाट झाडाखालची जमीन उन्हातल्या जमिनीपेक्षा दहा-वीस अंशांनी गार असते. म्हणूनच बहुधा एप्रिल-मेमध्ये ती झाडं छाटायला घेतात.

थट्टा नाही. पावसाळापूर्व छाटणी म्हणतात त्याला. जून-जुलैत फांद्या पडतात म्हणून ऐन उन्हाच्या तोंडावर, झाडानं नुकती पालवी धरलेली असताना, शिडीची गाडी येते आणि गर्द झाडाचा बोडका खांब करून जाते. वाळलेली, किडलेली, विजेच्या तारेवर आलेली फांदी काढणं वेगळं, ते करायलाच हवं. पण मोठी छाटणी पानगळीनंतर, नवी पालवी फुटायच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीत करायची असते. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळी असते, त्या वळीच्या बाहेरून कापायचं. आधी खोडापासून फूटभरावर खालून एक खाच, मग थोडं पुढे वरून काप, म्हणजे फांदीचं वजन उतरतं, आणि शेवटचा काप वळीला लागून. जखम आपोआप भरते. आपल्याकडे हातभर खुंट सोडतात. तो खुंट कुजतो, त्यातून बुरशी आत शिरते, आणि दोन-तीन पावसाळ्यांनी झाड पोकळ होतं. रस्त्याच्या बाजूच्या सगळ्या फांद्या काढल्या आणि आतल्या ठेवल्या की झाडाचा तोल जातो, ते आतल्या बाजूला कलतं. वर खोडाला चिकटवून पेव्हर ब्लॉक, म्हणजे मुळांना ना हवा ना पाणी. झाडाभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवा, असं हरित लवादानं २०१३ साली सांगून झालंय. मग जुलैत ते झाड पडतं, एखाद्या गाडीवर पडतं, आणि झाडं धोकादायक असल्याचं सिद्ध होतं. पुढच्या एप्रिलला जास्त छाटायचं.

बरं, आता ते दुपारचे पाच तास.

हवामान खातं सांगतं, दुपारी बारा ते तीन उन्हात फिरू नका, सावलीत थांबा. उत्तम सल्ला. शहरात फुकट, सार्वजनिक, झाडांची सावली कुठे आहे? बागेत. बाग कधी बंद? अकरा ते चार. म्हणजे सावलीची गरज सुरू व्हायच्या आधी तासभर कुलूप लागतं आणि ती संपल्यावर तासाभरानं निघतं. एवढी अचूक वेळ चुकून जमत नाही, त्याला अभ्यास लागतो.

सूचना: दुपारी सावली हवी असेल तर फाटकाबाहेर थांबा. तिथे सोबत मिळेल. जेवणाची ऑर्डर पोचवून पुढच्या ऑर्डरची वाट बघणारी मुलं असतात. हेल्मेट मांडीवर, मोबाइल तापून बंद पडायला आलेला. दोन घरांची कामं उरकून तिसऱ्या घरी तीनला जायच्या मावशी असतात. मधल्या वेळात घरी जाऊन यायचं तर बसला दुपटीनं पैसे. सरकारी दवाखान्यात सकाळी नाव नोंदवून ‘रिपोर्ट चारनंतर’ असं ऐकून बाहेर पडलेले, गावाहून आलेले नवरा-बायको असतात. स्पर्धा परीक्षेची पोरं असतात. पेठेत पत्र्याखाली कॉट बेसिसवर राहतात, दुपारी त्या खोलीत थांबणं शक्य नसतं आणि अभ्यासिकेची फी दोन महिने थकलेली असते. परवा ४१ अंशांच्या दुपारी एका बागेबाहेर असे सात-आठ जण पदपथावर बसले होते. आतल्या वर्षावृक्षाची एकच फांदी कुंपणावरून बाहेर आली होती. तिची जेवढी सावली पडत होती तेवढ्यात, आणि ऊन सरकेल तसे सगळे सरकत होते. आत दोन एकर सावली रिकामी. फाटकाला कुलूप, आणि कुलपाला लाल मेणकापड बांधलेलं. पावसात गंजू नये म्हणून. कुलपाची काळजी घेतली होती.

त्याच आठवड्यात ती फांदी छाटून नेली.

बंद ठेवण्याची कारणं पाठ आहेत सगळ्यांना. साफसफाई करायची असते. मग ती पहाटे करा. सहाला फाटक उघडतं तेव्हा झाडलोट झालेली असतेच ना? पाणी घालायचं असतं. भर दुपारी पाणी घालायचं नसतं, हे कुंडीत तुळस लावणाऱ्यालाही कळतं. सकाळी सातच्या आत घाला, आणि झाडांना रोज शिंपडण्यापेक्षा आठ-दहा दिवसांनी एकदा फांद्यांच्या घेराखाली आळं भरून द्या. कर्मचाऱ्यांना जेवायची सुट्टी लागते. लागणारच, मग दोन पाळ्या करा, बँकवाले जेवतात म्हणून कोणी बँकेला पाच तास कुलूप लावतं का? आणि शेवटचं कारण, जे फलकावर लिहीत नाहीत, फक्त आवाज खाली करून सांगतात: जोडपी येऊन बसतात. बसू द्या. बोलत असतील. सज्ञान माणसं झाडाखाली बसली म्हणून साऱ्या शहराची सावली बंद? अहमदाबादनं २०१३ सालीच उष्णतेचा आराखडा केला. त्यानंतर कितीतरी शहरांनी केले, आणि उन्हाच्या लाटेत बागा दुपारीही उघड्या ठेवाव्यात हे अशा आराखड्यांतून लिहिलेलं असतं. त्याला निधी लागत नाही, निविदा लागत नाही, एक किल्ली लागते.

मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत बागा पूर्ण दिवस उघड्या ठेवा. तीन नळ चालू ठेवा. एक स्वच्छतागृह उघडं ठेवा. हिरवळीवर लोकांना बसू द्या, ती मेली तर मरू दे, जुलैत परत येते. आणि नाहीच आली तर तिथे करंज लावा. एवढंच मागणं आहे आणि एवढंही दर उन्हाळ्यात मागावं लागतं, याची लाज वाटली पाहिजे.

आणि फक्त बागवाल्यांना बोलून भागणार नाही. सकाळच्या वेळी बागेत येणाऱ्या, गाडी थेट फाटकासमोर लावणाऱ्या, ट्रॅकवर चार जण आडवे पसरून चालणाऱ्या, वाढदिवसाचा केक हिरवळीवर कापून फेसाचे डबे तिथेच टाकणाऱ्या सभ्य मंडळींनाही सांगायचं आहे. बाग दुपारी बंदच ठेवावी, अशी निवेदनं कोण देतं? तुम्ही देता. ‘भलतेसलते लोक येऊन झोपतात’ हे तुमचं वाक्य आहे. झोपतात म्हणजे काय करतात? पहाटे चारला उठून दूध-पेपर टाकलेला माणूस दुपारी झाडाखाली अर्धा तास आडवा झाला तर तुमच्या नावच्या बाकाचं काय वाकडं होतं? तुम्हाला घरी पंखा आहे, कूलर आहे, दुपारची झोप आहे. ती बाग तुमच्या सोसायटीची नाही. तिच्या पाण्याचे, माळ्यांचे, त्या कुलपाचेसुद्धा पैसे सगळ्यांच्या करातून जातात, फाटकाबाहेर बसलेल्यांच्याही. त्या निवेदनावर तुमची सही असेल तर ती मागे घ्या. अर्ज साध्या कागदावर चालतो.